स्प्रिंग ब्रेकचं पॅकेट मागणाऱ्या आईबाबांस

न्यू जर्सीतल्या, सहावी-सातवी-आठवीतल्या मुलांच्या मराठी पालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी मध्य न्यू जर्सीतल्या एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये सातवीला गणित शिकवते. हे पत्र शाळेच्या वतीने लिहिलेलं नाही. तसं असतं तर ते इंग्रजीत लिहावं लागलं असतं आणि प्रिन्सिपॉलबाईंनी त्यातलं अर्धं खोडलं असतं. मराठीत लिहिते आहे, कारण मला जे बोलायचं आहे ते तुमच्याशीच. पाडव्याच्या कार्यक्रमात, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत किंवा रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आपण भेटतो. "काय म्हणता मॅडम" झालं की लगेच पुढचा प्रश्न येतो: "स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत ह्याच्याकडून काय करून घेऊ? एखादं पॅकेट द्या ना." पॅकेट म्हणजे सुट्टीत सोडवायच्या गणितांच्या कागदांचा गठ्ठा.

माझं उत्तर आहे, काही करून घेऊ नका. पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही मला कामचुकार मास्तरीण म्हणाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही सुट्टी येते कधी ते आधी बघा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डे होतो. तिथून स्प्रिंग ब्रेकपर्यंत मुलांना धड सुट्टी नसते. एखादी ईदची असली तर असली. मधेच मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नुकती उजेडात येऊ लागलेली बस पुन्हा अंधारात येते. वसंत कॅलेंडरवर आलेला असतो, बाहेर मात्र राखाडी आभाळ आणि रस्त्याच्या कडेला मळलेला बर्फ. तिसरा मार्किंग पिरियड, म्हणजे गुण देण्याचं सत्र, संपत आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक विषयाची टेस्ट आणि प्रत्येक विषयाचा प्रोजेक्ट त्याच दोन आठवड्यांत. बरं, सुट्टी दरवर्षी एकाच वेळी येते असंही नाही. बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावोगावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्था, ती ईस्टर आणि ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाच्या आसपास ठेवतात. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला होता, २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे. सुट्टी लवकर आली की मार्च थोडा सुसह्य होतो, पण पुढचा पल्ला लांबतो. सुट्टी संपल्यावर मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत, म्हणजे मेमोरियल डेपर्यंत, पुन्हा फारसं काही नाही. त्याच टप्प्यात राज्याची एनजेएसएलए परीक्षा असते, तिसरी ते आठवीच्या सगळ्या मुलांना. आणि शाळा संपते ती जूनच्या मध्यावर किंवा त्याच्याही पुढे.

म्हणजे मार्चअखेर तुमचं मूल १८० दिवसांच्या वर्षात साधारण दोन तृतीयांश वाट चालून आलेलं असतं. ते दमलंय हे मला कशावरून कळतं? जांभयांवरून नाही, जांभया ती सप्टेंबरातही देतात. मला कळतं ते प्रश्नांवरून. ऑक्टोबरात ज्या मुलीने "ऋण गुणिले ऋण धन का?" म्हणून मला जेवणाच्या सुट्टीत अडवून धरलं होतं, तीच मार्चमध्ये पेन्सिल उचलायच्या आधी विचारते, "ह्याला मार्क आहेत का?" पाठोपाठ अर्धा वर्ग तेच विचारायला लागतो. पेन्सिली हरवतात, क्रोमबुक चार्ज केलेलं नसतं, हुशार मुलं गृहपाठ पूर्ण देतात पण अक्षर बघवत नाही. काम चालू असतं, कुतूहल आटलेलं असतं. आणि ह्या आटलेल्या मुलांसाठी तुम्ही माझ्याकडे पॅकेट मागता.

तुमची भीती मला कळते, ती खोटी नाही. वसंतातच पुढच्या वर्षीची गणिताची प्लेसमेंट, म्हणजे कुठल्या पातळीचा वर्ग मिळणार ते, ठरते. आठवीत अल्जिब्रा वन मिळालं तर हायस्कूलमध्ये कॅल्क्युलसपर्यंत पोचायची वाट मोकळी होते, नाही तर मधे कुठेतरी दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात. हे गणित तुम्ही सहावीपासून मांडून ठेवलेलं असतं. शेजारच्या घरातला मुलगा मॅथकाउंट्स ह्या गणिताच्या स्पर्धेत राज्य पातळीवर गेलेला असतो. ती फेरी मार्चमध्येच होते, म्हणजे त्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर नेमका ह्याच दिवसांत येतो. आपण स्वतः परीक्षांच्या जोरावर इथवर आलो आहोत. बारावीच्या सुट्टीत क्लास लावला नसता तर आज एडिसनमध्ये नसतो, असं मनातून ज्याला वाटत नाही असा आपल्यातला इंजिनियर मला अजून भेटायचाय. तेव्हा मोकळा आठवडा दिसला की आपला हात आपोआप वेळापत्रकाकडे जातो: सकाळी मॅथ कॅम्प, दुपारी कोडिंग, संध्याकाळी तबला, शनिवारी ट्रॅव्हल सॉकर. वर पाडवा आसपास असला तर मंडळाच्या नाचाची तालीम.

आता पॅकेटचं काय होतं ते सांगते, कारण माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शाळेच्या प्रथेप्रमाणे मीही ती वाटलेली आहेत. शुक्रवारी ते दप्तरात जातं. सोमवारपासून शनिवारपर्यंत घरात त्याचा विषय रोज एकदा निघतो, आणि प्रत्येक वेळी आवाज आदल्या दिवसापेक्षा थोडा चढलेला असतो. रविवारी रात्री नऊला ते उघडलं जातं. मग चौदा गणितं मूल सोडवतं, सहा बाबा सोडवतात, उरलेली हल्ली मोबाइलमधलं एखादं ॲप. सोमवारी माझ्या टेबलावर पाच वर्गांची थप्पी पडते आणि तिच्यावरून मला कुणालाही काय येतं ह्याचा पत्ता लागत नाही. आठवडाभर सुट्टीही झाली नाही आणि अभ्यासही झाला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

"पण विसरतील त्याचं काय?" हा नेहमीचा पुढचा प्रश्न. सुट्टीत मुलं विसरतात ह्यावर इथे भरपूर अभ्यास झालाय, पण तो उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उन्हाळ्यानंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली दिसली, आणि गणितात जास्त. ती सुट्टी दहा आठवड्यांची असते. नऊ दिवसांत, तेही दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून, जे विसरलं जातं ते आधी नीट शिकलेलंच नसतं, आणि ते पुन्हा शिकवणं हे माझं काम आहे. त्याचाच मला पगार मिळतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते. ह्या वयाच्या मुलांची ओढ का आटते? आपण म्हणतो, फोनमुळे, हार्मोन्समुळे, संगतीमुळे. मिशिगनमध्ये जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली ह्यांनी १९८० च्या दशकात सहावीतून सातवीत, म्हणजे लहान शाळेतून मोठ्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, आणि माझं नशीब असं की त्यांनी विषय निवडला तो गणित. त्यांना दिसलं की सातवीचे गणिताचे शिक्षक सहावीच्या शिक्षकांपेक्षा मुलांवर जास्त वचक ठेवू पाहतात आणि त्यांच्यावर कमी विश्वास टाकतात. आणि मुलांना वाटत होतं की वर्गात आपल्याला ठरवायला पूर्वीपेक्षा कमी मिळतंय. बारा-तेरा वर्षांचं मूल स्वतःचं स्वतः ठरवू पाहत असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्या हातातून ठरवणं काढून घेतो. एकल्सबाईंचं म्हणणं असं की मुलांचा उत्साह जातो त्यात वयाचा दोष आहे त्याहून ह्या विजोडपणाचा जास्त आहे. मी दिवसाला पाच वर्ग घेते. बेल वाजली की उठा, बेल वाजली की बसा, टॉयलेटला जायचं तर पास घ्या. शाळा ह्याहून फार वेगळी करणं माझ्या हातात नाही. पण शाळेने वर्षभर काढून घेतलेली ही एक गोष्ट परत देण्याची संधी स्प्रिंग ब्रेकमध्ये घराला मिळते. तिथेही रंगीत एक्सेल शीट निघाली, तर मुलाने ठरवायला शिकायचं कधी?

एक सौदा तर अगदीच करू नका: "पॅकेट संपवलंस तर नवा गेम." १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला होता. लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहानग्यांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिलं तर हीच मुलं मोकळ्या वेळात रंगांकडे इतरांपेक्षा कमी जात होती. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं त्यांचं चित्रांचं वेड तसंच होतं. सातवीतलं मूल बालवाडीतलं नाही, मान्य. पण "ह्याला मार्क आहेत का" हा प्रश्न त्याच्या तोंडी आपणच घातला, अशी शंका मला हा प्रयोग वाचल्यापासून छळते आहे.

तुमच्यातल्या काहींना आपल्याच राज्यातल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो स्कूल डिस्ट्रिक्टचं प्रकरण आठवत असेल. २०१५ साली तिथले सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड एडरहोल्ड ह्यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं: मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय, आपल्याला थांबायला हवं. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरल्या, प्रगत गणिताचा वर्ग चौथीऐवजी सहावीपासून सुरू करायचं ठरलं. त्यावरून गावात सरळ दोन तट पडले आणि बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रापर्यंत गेली. आपल्या लोकांतले पुष्कळजण तेव्हा सुपरिंटेंडेंटच्या विरोधात उभे होते: तुम्ही आमच्या मुलांचं शिक्षण पातळ करताय. मला त्या वादात दोन्हीकडच्यांचं काही काही पटतं. अवघड गणित आवडणाऱ्या मुलाला दोन वर्षं थांबवून ठेवणं मलाही रुचत नाही. पण सुट्टीच्या बाबतीत माझ्या मनात दोन मतं नाहीत. ज्याला अवघड गणित खरोखर आवडतं ते मूल सुट्टीत आपणहून करतं. त्याला कॅम्पला घालायची गरज नसते, आणि ज्याला घालावं लागतं त्याला ते आवडत नसतं.

म्हणून काय, नऊ दिवस सोफ्यावर फोन घेऊन लोळू द्यायचं का? नाही, आणि ह्याही गोष्टीचा मला तितकाच राग आहे. काही घरांत सुट्टी म्हणजे पालकांनी हात झटकून मोकळं होणं. रात्री तीनपर्यंत डिस्कॉर्डवर मित्रांशी चॅट, दुपारी एकला उठणं, आणि सोमवारी माझ्या पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपणं. ह्या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं; ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन ह्यांनी हे कधीचं दाखवून दिलंय, त्यामुळे उशिरा झोप येणं हा आळस नव्हे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांपर्यंत रोज नऊ ते बारा तास आणि तेराच्या पुढे आठ ते दहा तास झोप सांगितली आहे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच मिडल स्कूल साडेआठच्या आत भरवू नये असं म्हटलं. कॅलिफोर्नियाने त्यावर कायदा केला, २०२२ पासून तिथे मिडल स्कूल आठच्या आधी भरत नाही. आपल्याकडे मुलं अजून सातच्या सुमारास बस पकडतात. तेव्हा सुट्टीत सकाळी झोपू द्या, बिनदिक्कत. फक्त फोन रात्री स्वयंपाकघरात राहू दे, तुमचासुद्धा. आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत उठायची वेळ रोज थोडी अलीकडे आणा, रविवारी रात्री एकदम सैनिकी शिस्त नको.

बाकीचा दिवस? सुट्टी लागायच्या आधी मुलाला एकदाच विचारा, "ह्या आठवड्यात तुला काय करायचंय?" पहिलं उत्तर "काही नाही" असेल. ते मान्य करा आणि खरोखर गप्प बसा. इथेच आपली खरी परीक्षा असते, कारण दोन दिवसांनी त्याला कंटाळा येतो आणि तो तुमच्याभोवती घुटमळायला लागतो. त्या क्षणी तुम्ही लायब्ररीचं कार्ड पुढे केलंत की संपलं. कंटाळू द्या. मागे एका मुलाने अशाच कंटाळ्यातून गराजमधली बाबांची जुनी सायकल खोलली. यूट्यूब बघून गिअर काढले, परत बसवता आले नाहीत. सोमवारी वर्गात त्याने मला डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, काय असतो हे फळ्यावर चित्र काढून समजावलं. सायकल माझ्या माहितीप्रमाणे अजून नीट चालत नाही. त्याच्या बाबांना ह्याचं फारसं कौतुक नव्हतं. मला फार होतं, कारण जानेवारीपासून त्या मुलाने वर्गात आपणहून तोंड उघडलं नव्हतं.

ज्या घरी दोघंही नोकरीला जातात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी कॅम्प म्हणजे मुलाला सांभाळायची सोय, आणि तेरा वर्षांच्या मुलाला आठवडाभर घरी एकटं ठेवायला जीव धजत नाही. त्यांना मी काय सांगणार? एवढंच की कॅम्प निवडायचाच असेल तर मुलाला निवडू द्या. त्याने वायएमसीएचा बास्केटबॉल निवडला, तर "तिथे शिकणार काय?" असं विचारू नका. आणि शेजारपाजारच्या चार घरांनी एकेक दिवस वाटून घेतला तर पैसेही वाचतात. बेचाळीस बिऱ्हाडं आणि एक गॅलरी असलेल्या चाळींच्या मुलखातून आलेल्या माणसांना हे मी शिकवावं, म्हणजे कमालच.

भारतात जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सुट्टीला पुढेमागे आठवडा जोडून लग्नाला जाऊन यायचं, हे दर एप्रिलमध्ये चार-पाच घरांत ठरतं. घरच्या लग्नाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण १८० पैकी १८ दिवस बुडाले की मूल सतत गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत जातं, त्यात फ्लूचे दिवसही धरले जातात, आणि लग्न हे कारण शाळा मान्य करत नाही. शिवाय मुलांना ज्यांच्यासाठी जायचं असतं ती भावंडं तेव्हा रिकामी नसतात. २०२५ पासून महाराष्ट्रात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या पंचविशीपर्यंत लांबल्या. इथला सुट्टीवर, तिथले परीक्षेला, आणि बाहेर चाळिशीतलं ऊन. हा बिचारा आजीच्या एसीच्या खोलीत फोन बघत बसतो. त्यापेक्षा जूनअखेर जा, पाऊस तरी भेटेल.

मंडळाच्या आणि मराठी शाळेच्या कार्यकर्त्यांना: तुम्ही स्वतःचे शनिवार-रविवार देऊन हे सगळं चालवता, त्यामुळे तुम्हाला बोलताना जीभ अडखळते. तरी ह्या आठवड्यात तालीम ठेवू नका. "सुट्टीच आहे, सगळे येतील" म्हणून नेमकी तेव्हाच तालीम ठेवली जाते, आणि लेझीम हातात घेतलेल्या आठवीतल्या मुलांचे चेहरे तुम्हीही पाहिले आहेत.

आमच्या बाजूचंही सांगते, नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. सुट्टीनंतरच्या सोमवारी प्रोजेक्ट जमा करायला लावणारे शिक्षक आमच्यात आहेत. मुलांना त्यांनी काय दिलं तर सुट्टीभर मानेवर जू. हा मुद्दा मी स्टाफ मीटिंगमध्ये मांडत असते. पण तुम्ही पालक म्हणून लिहिलंत तर तो माझ्या बोलण्यापेक्षा लवकर ऐकला जाईल, कारण डिस्ट्रिक्टची स्कूल बोर्ड निवडून येते ती तुमच्या मतांवर. बोर्डाच्या बैठकीत माइकवर बोलायला मिळतं. गणिताच्या प्लेसमेंटसाठी तुम्ही तिथे रांग लावता, तशी एकदा ह्यासाठी लावा.

सुट्टीवरून आल्यावर पहिले तीन दिवस मी टेस्ट घेत नाही. "आता शेवटचा टप्पा, कंबर कसा" असलं भाषणही देत नाही. ते एनजेएसएलएच्या आधी सगळेच देतात आणि मुलांना पाठ असतं. सोमवारी फळ्यावर चार चौके लिहिते: ४ ४ ४ ४. हे चारही, आणि हे चारच, वापरून १ ते २० आकडे तयार करा. मार्क नाहीत. पहिले दहा भराभर होतात. तेराला वर्गमूळ लागतं. एकोणीसला वर्ग अडतो; मग कुणाला तरी दशांश चिन्ह सुचतं आणि चार अधिक चार वजा शून्य दशांश चार, भागिले शून्य दशांश चार असं काहीतरी तो फळ्यावर मांडतो, किंवा मी फॅक्टोरियल नावाची गंमत सांगते. कुणी विचारलंच "ह्याला मार्क आहेत का", तर बाकीचेच त्याला गप्प करतात. जी मुलं सुट्टीत खरोखर मोकळी होती ती त्या दिवशी ओळखू येतात. ती चुकीची उत्तरंही हात वर करून सांगतात.

राहता राहिलं पोर्टल, म्हणजे मुलांचे गुण दाखवणारी शाळेची वेबसाइट. तिसऱ्या मार्किंग पिरियडचे गुण साधारण सुट्टीच्या मागेपुढे चढतात, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते मुलांच्या आधी कळतात, कारण फोनवर नोटिफिकेशन चालू असतं. मग फ्लोरिडाच्या समुद्रकाठी किंवा पोकोनोजच्या केबिनमध्ये, सगळे जेवायला बसलेले असताना, सायन्समध्ये बी प्लस का आला ह्याची चौकशी सुरू होते. ते नोटिफिकेशन सुट्टी लागायच्या शुक्रवारी बंद करा आणि मुलाला सांगा की बंद केलंय. गुण पुढच्या सोमवारी तेच असणार आहेत, आणि काही चुकलं असेल तर मी मंगळवारी तीननंतर वर्गात असते. त्याला स्वतः येऊ दे.

आपली,
सातवीची एक गणित शिक्षिका